बगळेवाला दामले

हिच्याबरोबर केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मच्छरदाणी बांधणं. माझा उजवा खांदा वर जात नाही, म्हणून खिडकीकडच्या दोन दोऱ्या हिच्या. आणि दारात वरच्या मजल्यावरचा दामले उभा, तपासायला. कलकत्त्यातल्या अख्ख्या बालीगंजात संध्याकाळी दुसऱ्यांच्या मच्छरदाण्या तपासत फिरणारा माणूस हा एकच.

"काकू, कोपरा उघडा राहिलाय."

"अरे, लग्न कर आणि स्वतःच्या घरचे कोपरे बघ!"

दामले सरकारी प्रयोगशाळेत. दलदलीत जाळी लावून बगळे धरायचे, पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं, बगळा सोडायचा, रक्त बर्फात. बगळ्याला काही होत नाही म्हणे. पण त्याला चावलेला डास आपल्याला चावला की ताप थेट मेंदूत. ते रक्त उंदराच्या पिल्लांना टोचतात. पिल्लं आजारी पडली की विषाणूचा संशय, मग पुढच्या चाचण्या. मला एवढंच कळलं.

घरमालकीणबाईंनी एकदा विचारलं, "दामलेबाबू, बक खेते केमन?" बगळा चवीला कसा लागतो म्हणून. हा गंभीरपणे म्हणाला, "खात नाही, फक्त रक्त काढतो." तेव्हापासून दूधवाला याचं दूध खालच्या पायरीवरच ठेवायचा.

"कसे आहात" असं दामलेनं कधी विचारलं नाही. "हात कुठे होते?" हाच त्याचा नमस्कार.

एकदा अंगणात मेलेला बगळा पडला. ही पाय धरून उचलायला वाकली, तोच जिन्यातून आरोळी, "काकू, हात मागे!" साहेब न्हाणीतून आलेले. तोंडाला फडकं, हातांत रबरी मोजे, कमरेला नुसता पंचा. पिशवी उलटी करून हातावर चढवली, आतून बगळा धरला, पिशवी सुलटी केली, वर दुसरी पिशवी, मग डबा. पंचा सुटत आला, डबा सोडला नाही.

"कशानं मेला ते कळेपर्यंत उघड्या हातानं शिवायचं नाही. आणि डोळ्यांना तर हात कधीच नाही!"

"बरं बाबा. आधी पंचा सांभाळ."

मग ही गेली. छातीत कळ आली आणि संपलं. मी मच्छरदाणी बांधणंच सोडून दिलं. चावू देत.

तेराव्याच्या संध्याकाळी दामले दारात. "काका, ताप मेंदूत गेला तर..."

"तुझी काकू डासानं मेली का? मी राहून काय करू? जा वर!"

तो गेला नाही. खिडकीकडे जाऊन हिच्या दोन दोऱ्या बांधल्या. हिच्या उशीकडची बाजूसुद्धा गादीखाली नीट खोचली.

सकाळी दलदलीत जायच्या आधी, रबरी बूट घालूनच, मच्छरदाणी सोडायला आला. गाठ सुटेना. जाळ्यात गुरफटलेलं बगळ्याचं पाऊल न दुखवता सोडवणारा माणूस, आणि साध्या दोरीशी झटतोय. मग पाठ फिरवून त्यानं चष्मा काढला आणि उघड्या हातानं डोळे पुसले.

"दामले!" मी ओरडलो. "हात कुठे होते?"

"काकूंच्या दोरीला."

"मग असू दे," म्हटलं, आणि दोघांचा चहा टाकला.