चुका काढून आणा!

खोटं बोलत नाही, आमच्या बाल्कनीतल्या चार कुंड्यांत मी जे पिकवतो ते बाजारात शोधूनही मिळायचं नाही! आता टोमॅटो एकच आला आणि तोही पाखरांनी नेला, हे खरं. मिरचीने पंधरवड्यात मान टाकली. पण आंबट चुका? अहो, नुसता माजला होता! आणि तो शिजवायचाही मीच. घरचं, शाकाहारी, ताजं! बायको म्हणते, "तुमचं कौतुक तुम्हीच करता, माझे तेवढेच कष्ट वाचतात."

मी छापखान्यात मुद्रितशोधक. म्हणजे दुसऱ्यांचं शुद्धलेखन सुधारून पोट भरतो. नोकरी कच्ची होती, आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा हे साहेब त्याच आठवड्यात ठरवणार होते. तेव्हा त्यांच्या पुढेपुढे करणं आलंच!

त्या दिवशी केबिनमध्ये उभा राहून मी त्यांना माझ्या चुक्याचं पुराण ऐकवत होतो. साहेबांच्या कानाला फोन होता, पण मान हलत होती, म्हणजे ऐकत असणार! फोन ठेवून ते म्हणाले, "हे बघा, पाककृतींच्या पुस्तकाच्या लेखिकाबाई उद्या दहाला येतायत. घरी बसा आणि चुका काढून आणा. अगदी मुळापर्यंत जा. एकही राहता कामा नये!"

माझा ऊर भरून आला. पाककृतीवाल्या बाई आणि त्यांच्यासमोर माझा चुका! त्याच पुस्तकाची प्रुफं माझ्या पिशवीत होती. ती घरी गेल्या गेल्या कोपऱ्यात टाकली आणि खुरपं घेऊन बाल्कनीत घुसलो.

"अहो, सगळाच काय उपटताय?" बायको ओरडली.

"साहेबांचा हुकूम आहे. मुळापर्यंत!"

"पण साहेबांना चुका कशाला हवाय?"

"नोकरीचा प्रश्न आहे, तू लसूण सोल!"

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी हजर. मांडीवर बंद पिशवी, पिशवीत जुड्या आणि डबा.

"चुका काढल्या?" साहेबांनी विचारलं.

'काढल्या' नव्हे हो, 'काढला', असं अगदी जिभेवर आलं होतं. पण नोकरी पक्की होईपर्यंत साहेबांचं व्याकरण बरोबरच असतं!

"काढल्या साहेब! पिशवीभर निघाल्या."

"पिशवीभर?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "एवढ्या? केल्या कुणी?"

"मीच! सर्वस्वी माझ्या! बायकोचा यात काडीचा हात नाही. तीन महिने खपत होतो."

"तीन महिने? मुद्दाम?"

"मुद्दाम म्हणजे काय, रोज सकाळी पाणी घालून!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि आता या चुकांचं करायचं काय?"

"निम्म्या शिजवल्यात साहेब. बाईंना गरम गरम वाढू!"

तेवढ्यात लेखिकाबाई दारात. साहेब गडबडीने म्हणाले, "बाई, माफ करा, आमच्या या माणसाने चुका..."

"चुका?" बाईंनी वास घेतला. "कुठाय?"

मी डबा उघडला. दोन घास खाऊन बाईंनी डोळेच मिटले. "अगंबाई! चुक्याचं पान, सत्तेचाळिसावं, मी पुस्तकातून काढणार होते हो. म्हटलं, हल्ली लावतं कोण! आता नाही काढायचं."

मी साहेबांकडे बघतोय, साहेब माझ्याकडे. कोण कशाबद्दल बोलतंय, दोघांनाही कळेना! मग साहेबांनी अगदी हळू विचारलं, "आणि प्रुफं?"

आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडला! "घरी आहेत," मी पुटपुटलो. "कोपऱ्यात."

बाईंसमोर साहेबांनी नुसतं पेन काढलं. कागदावर खरडलं, घडी घातली आणि माझ्या हातात कोंबली. "घरी जा. आत्ताच्या आत्ता!"

संपलं, मी म्हटलं. मिळाला नारळ! जिन्यात घडी उघडली. दोनच शब्द: "चुका कायम."

कायम! जिना उतरलो की उडालो, आठवत नाही. दारातूनच ओरडलो, "अगं, कायम झालो! चुक्याने तारलं!"

बायकोने चिठ्ठी वाचली आणि उलटली. मी मेल्याने कागदाची मागची बाजू बघितलीच नव्हती. तिथे होतं: "पान ४७. बाकी पुस्तक संध्याकाळपर्यंत तपासून आणा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"अहो," ती म्हणाली, "कायम चुका झालाय. तुम्ही अजून कच्चेच!"