जावयाची पुस्तकमान्य थुंकी

माणसाची पारख तो काय गिळतो यावरून करावी, जावयाची मात्र तो कुठं थुंकतो यावरून, असं लोणीच्या बयाबाईंचं ठाम मत होतं.

त्यांचे जावई भगवंत बारा वर्षांत एकदाही रिकाम्या तोंडानं सासुरवाडीला आले नव्हते. गालात तंबाखू-चुन्याचा बार कायम. बोलायचं झालं की मान छताकडे. गेल्या दिवाळीच्या तीन दिवसांत पावणं एकूण एक्केचाळीस वेळा थुंकले. पैकी मोरीत चार. बाकीचा मान गोठ्याची भिंत, वाळत घातलेला कांदा आणि शेवंतीचं रोप यांना मिळाला. (शेवंती त्यानंतर फुलली नाही. तिचंही काही मत असेल.)

असे हे पावणं नारायणगावच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते, आणि तिथं त्यांना थुंकण्याचाही पगार मिळतो, हे बयाबाईंना कळलं ते मालकांच्या दुखण्यात.

मालक म्हणजे बयाबाईंचे यजमान, सावळाराम. महिनाभर त्यांच्या घशाखाली भाकरी उतरेना. दुर्बीण घालून अन्ननलिकेतून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढला, तो पावण्यांच्याच लॅबमध्ये आला. तिथल्या डॉक्टर वृषालीताईंनी बयाबाईंना नीट समजावलं. तुकड्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर चिकटवतात. मालकांच्या कापात काही पेशी फुगलेल्या दिसतात. आत साठवणीची साखर असेल तर काळजी नाही, घरी जा. पण म्यूसिन, म्हणजे शेंबडासारखा बुळबुळीत पदार्थ असेल, तर लक्षण वाईट; पुणं गाठायचं, मोठं ऑपरेशन. पंचाईत अशी, की रंग दिला की दोन्ही सारखीच किरमिजी होतात. म्हणून रंगाच्या आधी एका काचेवर औषध घालून साखर काढून टाकायची. तरीही लाली राहिली, तर म्यूसिन.

ते औषध संपलं होतं. परंतु माणसाच्या थुंकीतही तोच गुण असून जुनी पुस्तकं तिला मान्यता देतात. सबब, सदर काचेवर अर्धा तास थुंकी ठेवण्याचे काम सेवाज्येष्ठतेनुसार श्री. भगवंत यांच्याकडे सोपवण्यात आले होते.

बयाबाई खजील झाल्या. बारा वर्षं आपण जिला घाण म्हणत आलो, ती विद्या होती!

"मग काय निघालं, पावणं?"

पावण्यांनी मान वर केली. "लाली ऱ्हायली, मामी. म्यूसिनच दिसतंय. पुण्याला नंबर लावून ठिवू."

बयाबाईंनी पुण्याचं ऐकून घेतलं. पण दही लागलं नाही तर दुधाला बोल लावायच्या आधी विरजण हुंगायची त्यांची सवय.

"थुंकी चांगली व्हती का, ते कुनी पाह्यलं?"

त्याचाही नियम होता. लिव्हरच्या कापात साखर असतेच. तो काप जोडीला ठेवायचा. त्याची लाली गेली तरच थुंकी पास. पावण्यांनी तो ठेवलाच नव्हता. एवढ्या अनुभवी थुंकीची परीक्षा घेणं त्यांना अपमानाचं वाटलं होतं.

"चूळ तरी भरली व्हती का?"

"भरली व्हती की."

"कवा?"

"सकाळी उठल्यावं."

वृषालीताईंनी लिव्हरचा काप आणवून पावण्यांना समोर थुंकायला लावलं. अर्धा तास गेला, रंग झाला, लिव्हर लालभडक. चुन्यानं थुंकीतला गुण केव्हाच मारला होता. मग बयाबाईंनी तीनदा चूळ भरली, आधी लिव्हरवर आणि मग मालकांच्या नव्या कापावर थुंकल्या. (बेचाळीस वर्षांच्या संसारात ही संधी प्रथमच आली.) लिव्हर कोरं झालं. मालकांच्या पेशीही कोऱ्या. साखरच होती.

बातमी बाहेरच्या बाकापर्यंत गेली. तिथं गालात बार भरून बसलेले सहाही जण पोट धरून हसले. तोंड उघडून मात्र एकही नाही. (हे वाचताना ज्यांना मान वर करून हसावं लागतंय, त्यांनी सावकाश हसावं.)

बयाबाईंनी पदर खोचला.

"पावणं, मंचरच्या स्टँडपास्नं लेण्याद्रीच्या पायथ्यापस्तोर समद्या मुलखावर थुंकलात, लोकांनी मुकाट पुसून घेतलं. एका जागी थुंकाया पगार मिळतो, नेमकी तितंच तुमची थुंकी नापास! आता आमच्या दारात याल, तवा आधी त्या लिव्हरच्या काचंवर पास होऊन या."