हौसाबाईंच्या म्हशीने कॅमेरा निवडिला ती हकीकत

॥ श्री उजेडदेवता व सावलीदेवी उभय प्रसन्न ॥

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमीचे दिवशी, सिनेमा शिकविणाऱ्या एका विद्यालयाचे राज्यात राजश्री उत्कर्षराव वाघचौरे, छायाचित्रणाचे विद्यार्थी, थोर पेचात पडिले. कारण की माटेसरांचा हुकूम सुटला, "ज्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात उन्हातले जळत नाही आणि सावलीतले बुडत नाही, त्याने वर्षाचा चित्रपट टिपावा. बाकीच्यांनी माइकची काठी धरावी. उद्या दाखवा." आणि उत्कर्षरावांनी सहा महिने रिव्ह्यू पाहिले होते, इतके की अद्याप न निघालेल्या कॅमेऱ्यांचेही दोष मुखोद्गत जाहले, कॅमेरा मात्र घ्यावयाचा राहिला.

मग पूर्वा डोईफोडे, जी तो चित्रपट लिहिणार, ती बोलिली, "उत्क्या, तुझ्या ऐपतीतले तीन कॅमेरे एका दिवसाच्या बोलीवर आण. आणि म्हैस शोध. काळी म्हैस सावलीत, पांढरं पातळ उन्हात. दोन्ही दिसली तो कॅमेरा आपला." मसलत पसंत पडोन स्वारी हौसाबाई खिलारे यांचे गोठ्यावर गेली आणि गजरा म्हैस लिंबाखाली बांधिली आणि हौसाबाई पांढरे पातळ नेसोन उन्हात उभ्या राहिल्या. पहिला कॅमेरा कोरा, लखलखीत, त्याचे चित्र पाहोन हौसाबाई बोलिल्या, "आरं, माझी म्हस कुठंय? नुसतं दावं दिसतंय." मग दुसरा धरिला. "म्हस आली बग. पर माझं नुसतं डोस्कं तरंगतंय. मेले का काय मी?" मग तिसरा, लग्नवाल्या फोटोग्राफराने वापरोन विकिलेला, ज्याचे पट्ट्यास कोण्या नवरदेवाची हळद लागलेली. त्यात पातळाचे काठही दिसले आणि म्हशीच्या पापण्याही.

तरी उत्कर्षराव कचरले. म्हणाले, "मावशी, यात फोर-के नाही. दोन महिन्यांनी नवं मॉडेल येतंय."

"म्हस दिसली, मी दिसले. आता काय म्हशीचं आधार कार्ड बगायचंय?"

तेणेकरून जुनाच कॅमेरा घेतला. दुसरे दिवशी माटेसरांनी चित्र दोनदा पाहिले आणि म्हणाले, "फोकस किंचित हललाय. म्हैस झकास. कॅमेरा तू कर."

मग उत्कर्षराव पेढे घेऊन गोठ्यावर गेले. हौसाबाईंनी पुसिले, "पिच्चरमधी आमचं काम किती?" उत्कर्षराव चाचरत बोलिले, की चित्रपट एका इंजिनियरच्या एकाकीपणाचा, सातव्या मजल्यावरील फ्लॅटातला. हौसाबाईंनी हातातला पेढा परत पुड्यात ठेविला. गजराही रवंथ करावयाची थांबली. दोघी नुसत्या पाहात राहिल्या. मग उत्कर्षरावांनी पूर्वास फोन लाविला आणि हळूच पुसिले, "त्या बिल्डिंगची लिफ्ट केवढी आहे गं?"

येणेप्रमाणे कॅमेरा आला आणि म्हैस सातवे मजल्यास चढली. इंजिनियर मग एकटा राहिला नाही, सबब कथा सगळी फिरवावी लागली. इति.