एड, एडी आणि चन्नवीरची टाच

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी चन्नवीर सोलापुरातल्या दवाखान्याच्या खाटेवर बसून आपल्या उजव्या टाचेकडे बघत होता. फितूर झालेल्या भावाकडे बघावं तसा. वीस वर्षं तो दुधनीच्या बाजारात हमाली करत होता. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना या टाचेनं कधी हूं की चूं केलं नव्हतं. दिवाळीपासून मात्र ती ठणकायला लागली होती.

महिन्यापूर्वी वेणीमाधव डॉक्टरांनी टाचेचा एक्स-रे फोटो काढून त्याची काच उजेडापुढे धरली होती.

"हे बघा. टाचेच्या हाडात पोकळी झालीय आणि आत पाणी भरलंय. गाठ वाईट नाही, साधीच आहे. पण वरचं हाड अंड्याच्या टरफलासारखं झालंय. पोतं उचलताना फुटलं, तर हमाली कायमची संपली."

"मग टाच कापनार व्हय?" चन्नवीरनं विचारलं होतं.

"कापायचं नाही. सुई घालून पाणी काढायचं आणि त्याच वाटेनं औषध आत सोडायचं. नवी रीत आहे. टाका एकही पडत नाही."

"सुईनं?" त्याची बायको अक्कम्मा मध्येच म्हणाली, "हाड काय गोधडी हाय व्हय?"

डॉक्टरांनी तेव्हा हाडाला बळ यायच्या गोळ्या देऊन आजची तारीख दिली होती.

आता मौलासाब खोलीत आला. हा दवाखान्यातला मलमपट्टी करणारा जुना ड्रेसर. अंगानं भरलेला, मनानं चांगला. हातात वस्तरा आणि साबणाची वाटी. सुई टोचण्याआधी पायाचे केस काढायचे असत, ते त्याचं काम. तो सोलापूरची दखनी उर्दू बोलायचा. चन्नवीरला घरची कन्नड आणि बाजारापुरती मराठी येत होती. दुधनीचे मुसलमान हमालसुद्धा त्याच्याशी कन्नडच बोलत, त्यामुळे दखनीशी त्याचा कधी संबंध आला नव्हता.

"एडी का आपरेशन तुमाराच है ना?" मौलासाबनं विचारलं.

मौलासाबच्या बोलीत एडी म्हणजे टाच. चन्नवीरच्या बोलीत एड म्हणजे डावा. त्यानं पाय आखडून घेतले. हे लोक डाव्या पायाला सुई घालणार!

"एड न्हाय! एड न्हाय!" तो ओरडला. "बलगाल! बलगाल!"

बलगाल म्हणजे उजवा पाय. पण मौलासाबच्या कानाला त्यातले दोनच शब्द ओळखीचे वाटले.

"बाल? गाल?" त्यानं हातातल्या वस्तऱ्याकडे बघितलं, मग चन्नवीरच्या गालांकडे. कानापासून जबड्यापर्यंत दाट कल्ले होते. "गाल के बालां निकालूं?"

"व्हय, बलगाल!" चन्नवीरला हायसं वाटलं. माणसाला कळलं एकदाचं.

मौलासाबनं गालाला साबण लावला. चन्नवीर दचकला, पण गप्प बसला. ऑपरेशनच्या आधी केस काढतात हे त्यानं ऐकलं होतं. कुठले, ते कुणी सांगितलं नव्हतं. देवापुढं जाताना डोक्याचे केस देतात, तसं इथं कल्ले देत असतील. दोन्ही कल्ले गेले. दाराशी बसलेली अक्कम्मा म्हणाली, "टाचंचं काय व्हायचं ते होऊ दे, तोंड मात्र धुतलेल्या बटाट्यावानी झालं की!"

"अब एडी निकालो," मौलासाब म्हणाला.

"एड न्हाय म्हनलं की!"

मौलासाब बुचकळ्यात पडून डॉक्टरांकडे गेला. "साब, पेशंट गाल के बालां निकलवा लिया, एडी कू हात लगाने नै देता."

डॉक्टर सुया उकळत होते. मागे न बघताच म्हणाले, "घाबरला असेल. समजूत घाला आणि पाय साफ करा."

इकडे अक्कम्मानं विचार केला. या माणसाचा डोळा डाव्या पायावर आहे. पाय दिसलाच नाही तर सुई घालणार कशाला? तिनं आपली शाल फाडली आणि नवऱ्याचा डावा पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळून वर सुतळीची गाठ मारली.

"आता बघू कसा सापडतोय!"

तो लगेच सापडला. दुखरा पाय माणूस जपतो, गुंडाळून ठेवतो, हे मौलासाब पंचवीस वर्षं बघत आला होता. त्यानं अक्कम्माला बाहेर बसवलं आणि चन्नवीरला आडवं केलं. "आंखां बंद करो. डरो नक्को." चन्नवीरनं डोळे मिटून सिद्धरामेश्वराचं नाव घ्यायला सुरुवात केली. पायावर थंडगार काहीतरी फिरलं तेव्हा त्यानं डोळे उघडले. डावा पाय गुडघ्यापर्यंत बोडका होऊन औषधानं पिवळाधमक झाला होता.

"एड! एड!" तो किंचाळला.

"हौ हौ, एडीच है," मौलासाब मायेनं म्हणाला. आता कुठं हा माणूस शहाण्यासारखं बोलायला लागला, असं त्याला वाटलं. त्यानं तसाच पाय यंत्राखाली धरून फोटो काढला, कारण सुई कुठं घालायची हे डॉक्टर ताज्या फोटोवरूनच ठरवत.

ओली काच घेऊन डॉक्टर आले. जुनी काच त्यांनी शेजारी धरली. एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. त्यांचा चेहरा फुलला.

"चन्नवीर, कमाल झाली! पोकळी निम्म्यावर आलीय. नुसत्या गोळ्यांनी! मग सुई कशाला? आज घरी जा. महिन्याभरानं पोतं उचललंत तरी चालेल."

अक्कम्मानं दारातूनच हात जोडले. "चला की मग! उठा!"

चन्नवीर उठला नाही. सुई टळत होती. महिन्याभरानं पोतं मिळत होतं. डॉक्टरनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, त्यात आपण काय बोलायचं? पण उजवी टाच आतून ठणकत होती. तिला काचेवरचं वाचता येत नव्हतं. पोतं पाठीवर घेऊन आपण फळीच्या मध्यावर आहोत आणि खाली अंड्याचं टरफल फुटतंय, असं त्याला दिसलं.

"डाक्टरसाब," तो हळूच म्हणाला, "ह्यो पाय डावा हाय. दुखतोय त्यो उजवा."

डॉक्टरांनी पिवळा पाय बघितला. मग मौलासाबकडे बघितलं. मौलासाबनं वस्तऱ्याकडे बघितलं.

"मौलासाब, अहो, काय हे! पंचवीस वर्षांत..." एवढं बोलून डॉक्टर थांबले. त्यांनी काच पुन्हा उजेडापुढे धरली. बराच वेळ धरली.

"पण मग," ते म्हणाले, "डाव्या टाचेत पोकळी कुठून आली?"

उजव्या टाचेचा फोटो काढला. तिथली पोकळी होती तेवढीच होती. म्हणजे दोन्ही टाचा आतून पोकळ होत्या. एक बोलून दाखवत होती, दुसरी गप्प होती.

"उजवा दुखायला लागल्यापासून भार कशावर टाकता?"

"डाव्यावरच की. तीन महिने झालं. धड पाय म्हनून."

"ही गप्प बसणारीच आधी फुटली असती," डॉक्टर म्हणाले.

चन्नवीरनं डाव्या पायाकडे बघितलं, मग मौलासाबकडे. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. चूक झाल्याचं की रोग सापडल्याचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"त्येंना बोलू नका, डाक्टरसाब," चन्नवीर म्हणाला. "आता सुई घालतायच, तर एड बी घ्या, बल बी घ्या."

"एडी?" मौलासाबनं भीत भीत विचारलं.

"दोनी," चन्नवीरनं दोन बोटं दाखवली.

अर्ध्या तासात काम झालं. दोन्ही टाचांतून हळदीच्या रंगाचं पाणी निघालं आणि औषध आत गेलं. वर राहिली ती फक्त दोन इवलीशी भोकं. अक्कम्मानं ती बघितली आणि एवढ्यासाठी शाल फाडली का, म्हणून हळहळली. दोन महिने पाय जमिनीला लावायचे नव्हते. चन्नवीर दोन महिने बाजेवर बसून राहिला आणि अक्कम्मा त्याला ऐकवत राहिली.

पाच महिन्यांनी तो पुन्हा सोलापूरला आला. नव्या काचा बघून डॉक्टरांनी मान डोलावली.

"भरून आलं. दोन्हीकडे. आता खुशाल पोतं उचला."

"खरंच?"

"खरंच."

चन्नवीरचा काचेवर विश्वास बसेना. एकदा तिच्या नादानं दुखती टाच घेऊनच घरी जायची पाळी आली होती. त्यानं इकडेतिकडे बघितलं. दवाखान्यात पोतं कुठून असणार? फोटोच्या काचा कपाटात ठेवून मौलासाब तेवढ्यात वळला. वजनाला, हमालाच्या अंदाजानं, नव्वद किलो तरी असावा.

चन्नवीर वाकला, पाठ दिली, आणि मौलासाबला काही कळायच्या आत त्याला वर घेतलं. व्हरांड्याच्या पाच पायऱ्या उतरला, वळला, पाच पायऱ्या चढला. डावं पाऊल, उजवं पाऊल, डावं पाऊल. डॉक्टर दारात उभे राहून गंभीरपणे प्रत्येक पावलाकडे बघत होते. अक्कम्मा पावलं मोजत होती.

"काही दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुटंच न्हाय," चन्नवीर म्हणाला.

वरून दबलेला आवाज आला, "मेरी कमर दुखरी, साब."