अपत्ये शून्य, दोन प्रलंबित

जन्म, विवाह आणि मृत्यू या तीन घटना माणसाच्या आयुष्यात केव्हाही घडू शकतात. त्यांची नोंद मात्र सकाळी साडेदहा ते दुपारी दोन या वेळातच होते. ही वेळ पाळण्याचं काम गेली अकरा वर्षं खिडकी क्रमांक चारमागे बसणाऱ्या बाईंकडे होतं. कार्यालयात त्यांना सगळे नोंदणीबाई म्हणत. बाई कामाला चोख. अर्जावर खाडाखोड दिसली की अर्ज परत, पूर्ण नावाच्या जागी आद्याक्षर दिसलं की अर्ज परत. खिडकीच्या काचेवरची ‘अपूर्ण अर्ज स्वीकारले जाणार नाहीत, वाद घालू नये’ ही सूचना त्यांच्याच सुवाच्य अक्षरातली होती.

बाईंना मूल नव्हतं. म्हणजे अगदीच काही नव्हतं असंही नाही. दोन भ्रूण होते. चार वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत तयार झालेले आणि तेव्हापासून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात उणे एकशे शहाण्णव अंशांवर गोठून पडलेले. त्यांच्याबरोबरचा तिसरा तेव्हाच गर्भाशयात सोडला होता, तो रुजला नाही. त्यानंतर नवऱ्याचा अपघात झाला, मग सासऱ्यांचं आजारपण निघालं, मग सासूबाईंचे गुडघे. घरातल्या सगळ्यांची दुखणी आटोपल्यावर बाईंचा नंबर लागला. सासूबाईंनी अट एकच घातली, की या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. म्हणून नातेवाइकांत बाईंच्या दाताचं काम काढलं होतं. ते सात आठवडे चाललं, तरी एकालाही शंका आली नाही; दातांच्या डॉक्टरांबद्दल लोकांचं मत मुळात तसंच आहे.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, गर्भाशयाचं अस्तर हवं तेवढं जाड झालं. डॉक्टरांनी गुरुवार, सकाळी साडेअकरा, अशी वेळ दिली आणि ती मागेपुढे होणार नाही हे बजावलं. शरीर त्या एका दिवसापुरतं दार उघडून बसतं. दिवस चुकला की सगळी तयारी पुन्हा पहिल्यापासून. बाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. पहिल्यापासून सुरू करण्याची हौस त्यांना उरली नव्हती.

आदल्या शुक्रवारी कागद तपासायला त्या नवऱ्याला घेऊन रुग्णालयाच्या संमती अधिकाऱ्याकडे गेल्या. सर्वांची संमती आहे की नाही हे पाहणं हे या गृहस्थांचं काम, आणि चेहरा असा की त्यांची स्वतःची कशालाच संमती नसावी. त्यांनी चार वर्षांपूर्वीची नवऱ्याची सही काढली, आत्ताची शेजारी ठेवली आणि चष्मा पुसला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी लिफ्टच्या दारात त्याचा उजवा हात सापडला आणि दोन बोटं गेली. तेव्हापासून तो डाव्या हाताने सही करी आणि ती कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखी दिसे.

“हे तेच गृहस्थ कशावरून?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

नवऱ्याने हात पुढे केला. अधिकाऱ्यांनी तो सहानुभूतीने पाहिला आणि म्हणाले, की हा अपघाताचा पुरावा झाला, नवरेपणाचा नव्हे. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर नव्या सहीची नोंद करून आणा, गुरुवारपर्यंत. त्याशिवाय भ्रूणाला हात लावता येणार नाही.

बाईंना हायसं वाटलं. विवाह नोंदणी त्यांच्याच खिडकीवर होती. घरचंच काम, असं त्या परतताना नवऱ्याला म्हणाल्या. अकरा वर्षं कार्यालयात काढूनही त्या हे म्हणाल्या.

सोमवारी त्यांना आठवलं, की कर्मचाऱ्याने स्वतःच्या प्रकरणावर निर्णय घेऊ नये असा नियम आहे. म्हणजे खिडकीचा कार्यभार दुसऱ्याकडे द्यायला हवा. त्याला आदेश लागतो आणि आदेशाला कारण. बाईंनी ‘वैयक्तिक’ लिहिलं. मोठ्या साहेबांनी समजावलं, की कारण असं असावं जे कोणालाही कळेल. बाईंनी दोन भ्रूणांसह सविस्तर कारण लिहिलं, आणि जेवणाच्या सुटीपर्यंत ते खरोखरच कोणालाही कळलं. शिपायाने त्याच्या मेहुणीला गुण आलेला वैद्य सुचवला. टंकलेखिकेने नोकरी सोडून बघा म्हणून सांगितलं. संध्याकाळी नणंदेचा फोन आला आणि सासूबाईंनी बोलणं टाकलं. टाकण्यापूर्वी एवढंच म्हणाल्या, “साधे दात सांभाळता आले नाहीत तुला.”

कार्यभार जावक कारकुनाकडे गेला. या माणसाने आयुष्यभर पाकिटांवर पत्ते डकवले होते आणि कुणाला नाही म्हणण्याची संधी त्याला प्रथमच मिळत होती. मंगळवारी बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून नवऱ्याबरोबर खिडकीबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. काचेवरची आपली सूचना त्यांनी बाहेरून पहिल्यांदाच पाहिली. उन्हाच्या तिरिपीत तिच्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

अर्जाच्या नवव्या रकान्यात अपत्यांची संख्या विचारली होती. बाईंनी शून्य लिहिलं होतं. जावक कारकुनाने आदेश वाचलेला होता.

“बाई, शून्य कसं? कारणात तर दोन लिहिलंय.”

“ते अजून जन्मलेले नाहीत.”

“पण आहेत ना?”

बाईंना खोटं बोलवेना. “आहेत,” त्या म्हणाल्या.

“मग विसंगत अर्ज कसा घेऊ? तुम्हीच तर शिकवलंत,” असं म्हणून त्याने अर्ज आदराने परत केला.

प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं. साहेबांनी दोन्ही बाजूंनी विचार केला, कारण त्यांना तशी सवय होती. संख्या दोन धरली, तर आईवडिलांनी दोन अपत्यांची नोंद चार वर्षं केलेली नाही, आणि आई तर नोंदणी खात्यातच नोकरीला. चौकशी लावावी लागेल. संख्या शून्य धरली, तर कार्यभाराचा आदेश खोट्या कारणावर निघाला आणि त्यावर सही साहेबांची. शून्य आणि दोन यांची सरासरी काढण्याची तरतूद नव्हती. त्यांनी फाइल विधी सल्लागाराकडे धाडली.

विधी सल्लागाराच्या टेबलावर फाइल सरासरी पाच महिने राहते. बुधवारी बाई सकाळपासून त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. नुसत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. चारच्या सुमारास त्याने लेखणी उचलली. ‘जन्म झालेला नाही, सबब अपत्य म्हणता येत नाही, अस्तित्व नाकारता येत नाही, सबब नाही असेही म्हणता येत नाही.’ खिडकीची वेळ कधीच टळली होती, तरी पावणेसहाला जावक कारकुनाने दाखल्यावर नवऱ्याच्या नव्या सहीची नोंद केली आणि खाली शेरा मारला : ‘अपत्ये शून्य (दोन प्रलंबित).’

गुरुवारी प्रयोगशाळेतल्या बाई साडेनऊपासून तयार होत्या. या सगळ्या प्रकरणात कामाला हात लावणारी व्यक्ती एवढीच. पण संमतीचा कागद आल्याशिवाय त्यांना भ्रूण ठेवलेल्या टाकीचं झाकण उघडता येत नव्हतं, आणि संमती अधिकारी एका बैठकीत होते. बैठक रुग्णांना ताटकळत ठेवू नये या विषयावर होती. इकडे मूत्राशय भरलेलं असलं की सोनोग्राफीत नीट दिसतं म्हणून बाई सांगितल्या वेळी पाच पेले पाणी पिऊन बसल्या होत्या. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या, मग बसल्या, मग पुन्हा उभ्या राहिल्या. संपूर्ण यंत्रणेत तेवढा एकच अवयव वेळेवर काम करत होता.

साडेअकराला अधिकारी आले. दाखला हातात घेऊन त्यांनी तो उजेडात धरला.

“शिक्का गोल आहे,” ते समाधानाने म्हणाले, आणि त्यांनी दाखला उलटा फाइलला लावला. त्यातला एक शब्दही त्यांनी वाचला नाही.

नवऱ्याने विचारलं, “सही जुळवणार नाही का?”

“जुळवायला नोंदलेली नवी सही आधी फाइलला असावी लागते. ही आत्ता लागली. पुढच्या खेपेला जुळवू.”

एक वाजता प्रयोगशाळेतल्या बाई आत आल्या. त्यांनी बाईंचा हात धरला आणि सरळ सांगितलं, की दोन्ही वितळवले, त्यातला एक टिकला नाही. दुसरा मात्र छान आहे. मग दोन मिनिटांचं काम. पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकला आणि थांबला. नवऱ्याने तीन बोटांचा हात बाईंच्या कपाळावर ठेवला. बाई ठिपक्याकडे पाहत होत्या खऱ्या, पण मनात न टिकलेलाच घोळत होता. अकरा वर्षं त्यांनी या गावातल्या प्रत्येकाचं जाणं लिहून घेतलं होतं. याचं जाणं कुठे लिहायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

सोमवारी त्या कामावर गेल्या तेव्हा जावक कारकुनाने विचारलं, की दाखल्यावरच्या दोनाचा आता एक करायचा का. साहेब म्हणाले, संख्या कमी करायला मृत्यूचा दाखला हवा आणि मृत्यूच्या दाखल्याला आधी जन्माचा. त्यामुळे कागदोपत्री ते आजतागायत दोनच आहेत.

पंधरवड्याने रक्ताचा अहवाल आला तो हवा तसा. यथावकाश मुलगी झाली. सासूबाई बोलू लागल्या आणि भेटेल त्याला सांगू लागल्या, की सगळं अगदी आपोआप झालं. लोक बघायला आले. येणारा प्रत्येक जण पाळण्यात वाकून नाक कुणाचं यावर मत देई, आणि निघताना बाईंना दाराआड गाठून आवाज खाली आणी. “आता सगळं सुरळीत झालंय म्हणून विचारतो. दोष नक्की कोणात होता?”

बाई शांतपणे सांगत, की रुग्णालयात आणि कार्यालयात मिळून आम्ही सदतीस अर्ज भरले. रक्तगट विचारला, व्यवसाय विचारला, अंगावरच्या खुणा विचारल्या. हा रकाना मात्र एकाही अर्जात नव्हता. त्या संमती अधिकाऱ्यालासुद्धा तो सुचला नाही.

तेव्हा वाचकांनी कृपया पुन्हा वरून वाचायला घेऊ नये. ते कुठेही लिहिलेलं नाही. दुसऱ्या परिच्छेदापासून तुम्ही ते शोधत होतात, याची मात्र नोंद घेतली आहे.