विड्याच्या पानाएवढी फट

हरिहरपंतांच्या शिग्रामाचं डावं दार वरच्या बाजूला बोटभर उघडं राही आणि खाली घासे. ही जुनी, बंद दारांची घोडागाडी एका साहेबाने विलायतेस परत जाताना त्यांच्या गळ्यात मारली होती. ठाण्याच्या कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला उद्योग तरी काय असणार? मुलीचं, कलावतीचं, लग्न तोंडावर आलेलं, अंगणात मांडव चढत होता, आणि पंत गाडीपुढे उकिडवे बसून फटी बघत होते.

"अहो, आचारी विचारतोय, वांगी किती आणायची?" रखमाबाईंनी विचारलं.

"ही फट बघ. वर बोट जातं आणि खाली नख जात नाही."

"मी वांग्यांचं विचारतेय!"

"याच गाडीतून विहीणबाई स्टेशनावरून येणार. कल्याणची माणसं ती! वाकडं दार बघून काय म्हणतील?"

दगडू सुताराला बोलावणं गेलं. पंतांनी त्याला पानाच्या डब्यातलं विड्याचं पान दाखवलं. "हे सरकेल एवढीच फट हवी. दोन्ही दारांना, चारी बाजूंनी सारखी."

दगडूही पंतांच्याच जातकुळीचा निघाला. त्याने डावं दार सरळ केलं, तेव्हा उजवं वाकडं दिसू लागलं. उजवं तासलं, तर ते चौकटीत खुळखुळू लागलं. मग दोन्ही दारांच्या कडांना कोऱ्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या. खिडक्यांच्या झडपाही जाता जाता गच्च बसवल्या. शेवटी विड्याचं पान सगळीकडून सारखं फिरलं, तेव्हा दोघंही हातचं काम सोडून नुसते बघत उभे राहिले.

"रावसाब, आता मुंगी नाय शिरायची," दगडू म्हणाला.

वैशाखातलं ऊन कडक होतं. रंगाला तडे जातील या भीतीने पंतांनी लग्नाच्या आदल्या दिवशी गाडीवर ओली गोणपाटं टाकायला लावली, आणि गाडीवान गुणाजी रात्रीपर्यंत त्यांच्यावर पाणी मारत राहिला. कोऱ्या लाकडाने ते पाणी पोटभर पिऊन घेतलं.

स्टेशनावर विहीणबाई गाडीत बसल्या. भारदस्त बाई, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ. दार काही केल्या पुरतं लागेना, तेव्हा पंतांनी स्वतः खांदा लावला. धप्प आवाज झाला आणि फट दिसेनाशीच झाली. पंत इतके खूश झाले की वाटेत भेटेल त्याला दार दाखवत ते गाडीबरोबर पायी चालत आले.

घोड्यावरून नवरदेव आला, व्याही गोपीनाथपंत आले, वाजंत्री वाजली. शिग्राम मांडवापुढे थांबला. पंतांनी दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. पलीकडच्या दाराचंही तेच. पुन्हा अलीकडे येऊन जोर केला, तेव्हा मूठ निघून हातात आली. पंतांनी ती गुपचूप उपरण्यात लपवली.

"काय झालं?" रखमाबाईंनी विचारलं.

एवढ्या दिवसांची बढाई, वर सगळी आळी जमलेली. पंतांनी उपरणं पोटाशी घट्ट धरलं. ते नुसते खाली बघू लागले.

रखमाबाई काय ते समजल्या. "रुसल्या हो विहीणबाई! आतून दार धरून बसल्यात. आणा गं ती पैठणी!"

वरमाईने रुसायचं आणि वधूकडच्यांनी मनवायचं, ही रीतच होती. बायकांनी झडपेपाशी पैठणी नाचवली. आत विहीणबाईंना बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी दार ढकललं, ते हललं नाही, आणि बाहेर बायका तर हसत होत्या. त्या काय ते समजल्या. नाव घेतल्याशिवाय दार सोडायचं नाही, हीसुद्धा रीतच होती. त्यांनी घसा साफ केला.

"कल्याणच्या खाडीत भरती चढे हळूहळू, गोपीनाथरावांचं नाव घेते, आता नका छळू!"

बाहेर टाळ्या पडल्या. दार मात्र उघडलं नाही.

"नाव घेतलं, पण अजून मनासारखं झालेलं दिसत नाही," रखमाबाई कुजबुजल्या. "चांदीचं तबक आणा."

तबक झालं, केशरी दूध झालं, कलावतीच्या मावशीने स्वतःच्या हातातल्या पाटल्याही काढल्या. भटजी घटिकापात्राजवळून ओरडले, "मुहूर्त जवळ आला!"

गोपीनाथपंतांचा चेहरा उतरला होता. "मुलाची आई गाडीत आणि आम्ही अंतरपाट धरायचा? मुहूर्त टळला तर वऱ्हाड परत जाईल, सांगून ठेवतो."

माजघराच्या दारात मुंडावळ्या बांधलेली कलावती उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. पंतांनी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात गाडीतून आवाज आला, यावेळी बारीक.

"चांदीच्या ताटात मोत्यांची रास, गोपीनाथरावांचं नाव घेते, आता कोंडला श्वास..."

पंतांनी उपरण्यातली मूठ काढून सर्वांसमोर उंच धरली. "त्या रुसलेल्या नाहीत! दार मी अडकवलंय! गुणाजी, पहार आण!"

"रावसाब, रंग जाईल," दगडू कळवळला.

"जाऊ दे!"

पंतांनी स्वतः पहार घातली. नव्या पट्ट्या फुटल्या, बिजागऱ्या उपटल्या आणि अख्खं दार अंगणात पडलं. विहीणबाई घामाने निथळत, पण नथ सावरत उतरल्या. त्यांनी पैठणीकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं, पाटल्यांकडे पाहिलं.

"हे सगळं मला?" त्या म्हणाल्या. "अगंबाई! मी तर अजून रुसलेसुद्धा नव्हते!"

रखमाबाईंना पाटल्यांवर पदर घालायला थोडा उशीरच झाला.

लग्न मुहूर्तावर लागलं. उन्हं कलल्यावर वरात स्टेशनाकडे निघाली. कलावती शिग्रामात बसली. दगडू खिळे-हातोडी घेऊन धावत आला.

"रावसाब, पोरगी सासरला चाललीय, आन् गाडी अशी उघडी? आत्ता ठोकतो दार."

पंत उत्तर देणार, तोच गुणाजीने घोडा हाकला. दार नव्हतं म्हणून कलावती आत पुरती दिसत होती. हिरवा शालू, मांडीवर पंतांनी दिलेला पानाचा डबा, डोळ्याला पदर. ती वळून बघत होती. तळ्याच्या वळणापर्यंत पंतांना ती दिसत राहिली.

"दगडू," पंत उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "फट आता बरोबर झाली. हात लावू नकोस."