वर्तकसरांचं मिश्रण

वर्तकसर भेळवाल्याशी भांडायचे. भावावरून नव्हे, कालवण्यावरून. कात्रजच्या चौकात एकदा त्यांनी भेळेचा कागद गाडीवर परत आपटला. "अहो, ओतलं म्हणजे मिसळलं नाही! तळाशी चटणी, वर कुरमुरे. याला भेळ म्हणता?"

भेळवाला म्हणाला, "आपण घरूनच कालवून आणत जा." मला हसू आलं. पुढचे तीन दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत.

आमच्या प्रयोगशाळेतलं एक मोठं यंत्र सरांच्या ताब्यात होतं आणि मी त्यांच्या हाताखाली, कच्च्या नोकरीवर. यंत्रात वायूचा झोत सोडायचा आणि त्यातून क्षणभर प्रचंड वीज सोडायची. वायू चिरडून दोऱ्याएवढा होतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. ते टिपायला फिल्म लावलेली असे; ती जितकी काळी, तितके किरण जास्त. नुसत्या निऑन वायूपेक्षा त्यात किंचित आरगॉन घातला की फिल्म जास्त काळी होते, हे सरांनी अनेक वर्षं डोकं फोडून शोधलं होतं. मात्र दोन्ही वायू बाटलीत भरले की ते नीट मिसळेपर्यंत एक दिवस ती तशीच ठेवायची.

"आत दोघं अजून एकमेकांकडे पाठ करून बसलेत," सर ओरडायचे. "हात लावलास तर तंगडं मोडीन!"

ते पंपावरही ओरडत आणि शिपायावरही. मला संताप यायचा. एवढं शिकून शिव्या खायला आलो होतो का मी?

मग यंत्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला समिती येणार असं कळलं. आदल्या दिवशी सरांनी मला बाटली भरायला सांगितलं आणि लगेच, सगळ्यांदेखत, एका सैल नटावरून माझी सालटी काढली. मी रागाने बाटली भरलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, समिती यायच्या जरा आधी भरली आणि वरच्या गुळगुळीत चिठ्ठीवर आदल्या दिवसाची तारीख घातली.

समितीसमोर फिल्म निघाली ती जवळजवळ कोरी.

"मिश्रण कोणी केलं?" प्रमुखांनी विचारलं. सरांनी चिठ्ठीवर बोट फिरवलं. ओली शाई बोटाला लागली. त्यांनी हात खिशात घातला.

"मी केलं," ते म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "माझंच माप चुकलं."

यंत्र बंद झालं. माझी नोकरी पक्की झाली. सर निवृत्त होऊन धायरीत एकटे राहायला गेले, आणि मी भेकड, तिकडे फिरकलोसुद्धा नाही.

बारा वर्षांनी, गेल्या रविवारी गेलो. त्यांनी चहा पुढे केला. "ढवळ. साखर तळाशी आहे."

"सर, ती बाटली..."

"माहितीये."

मला त्यांचाच राग आला. "मग तेव्हा का नाही ओरडलात? भेळवाल्यावर ओरडता!"

"ओरडलो असतो तर त्यांनी तुला घरी पाठवलं असतं."

"पण तुमचं यंत्र गेलं, सर."

त्यांनी माझा कप ओढून स्वतःच ढवळला. मग एकदम कडाडले, "आणि हे सांगायला बारा वर्षं? धायरी काय चंद्रावर आहे? दर रविवारी दोन कप चहा टाकतो मी, गाढवा!"